गळ, मापपट्टी आणि स्ट्राइप्ड बास

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मासेमारीच्या स्पर्धांवर लेख यावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. बडोद्यातील मराठी समाजाचा माशांशी संबंध फार तर ताटापुरता, आणि तोही सर्वांचा नाही. विश्वामित्रीच्या काठी गळ टाकून बसावे म्हटले, तर आपल्याआधी शेकडो मगरी त्या कामावर हजर असतात. तरीही मी या विषयाकडे वळलो तो एका प्रश्नामुळे. अमेरिकेत मासे पकडण्याच्या स्पर्धा कशा चालतात, मासा पकडून, मोजून परत पाण्यात कसा सोडतात, याचे वर्णन मी मित्रमंडळीत करीत होतो. तेव्हा एका ज्येष्ठ गुजराती सर्जन मित्रांनी शांतपणे विचारले, "खायचा नाही, तर पकडायचा कशाला?" प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि पाहिले, ते येथे मांडतो.

ज्या माशाभोवती हा खेळ चालतो तो स्ट्राइप्ड बास. रुपेरी अंग आणि त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा, शाळकरी मुलाने वहीत आखाव्यात तशा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या समुद्रात तो वाढतो आणि वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, तसेच डेलावेअर आणि हडसन नद्यांत, गोड्या पाण्याकडे चढून येतो. भरुचजवळ नर्मदेच्या मुखातून पावसाळ्यात वर येणाऱ्या हिलसाचे आयुष्यही असेच दोन पाण्यांत विभागलेले आहे. मराठीत तिला पाला म्हणतात, भरुचकडे चाकसी. स्ट्राइप्ड बास तीस वर्षांपर्यंत जगू शकतो. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी अधिक. बारा वर्षांच्या मादीच्या पोटात तीसेक लाख अंडी असू शकतात. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे बरेच नियम त्यातून आले आहेत.

या माशासाठी नियम करण्याची परंपरा जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३९ साली कॉड आणि बास हे मासे शेतात खत म्हणून वापरण्यास मनाई केली. म्हणजे त्याआधी ते सर्रास वापरले जात असले पाहिजेत. १६७० साली प्लिमथ वसाहतीने केप कॉड येथील मासेमारीच्या उत्पन्नातून शाळा चालविण्याची तरतूद केली. १८७९ साली न्यू जर्सीच्या नॅवेसिंक नदीतील शंभरावर लहान बास आगगाडीने खंड ओलांडून कॅलिफोर्नियाला नेण्यात आले आणि तेथे त्यांचा वंश फोफावला. मूळ घरी मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची संख्या झपाट्याने घटली. बेसुमार मासेमारी आणि अंडी घालण्याच्या नद्यांची बिघडलेली प्रकृती ही त्यामागची मुख्य कारणे मानली जातात. १९८४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या एका माशासाठी स्वतंत्र संरक्षण कायदा केला. मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे त्याची मासेमारी संपूर्ण बंद ठेवली. १९९५ मध्ये तो पूर्ववत झाल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले.

याच काळातली एक घटना मला फार बोलकी वाटते. मॅसॅच्युसेट्सजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर १९४६ पासून दर शरद ऋतूत 'स्ट्राइप्ड बास अँड ब्लूफिश डर्बी' ही प्रसिद्ध स्पर्धा भरते. उन्हाळी पाहुणे परतल्यावर बेटावरची हॉटेले रिकामी पडत, त्यांना गिऱ्हाईक मिळावे हा तिचा मूळ हेतू. त्यात लपविण्यासारखे काही नाही. पुढे तिच्यातून बेटावरील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही मिळू लागल्या. १९८५ साली आयोजकांनी स्ट्राइप्ड बास हा मासाच स्पर्धेतून काढून टाकला, आणि पुढे काही वर्षे तो बाहेरच राहिला. नावात पहिला, बक्षिसांत नाही! २०२० साली, स्पर्धेच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पुन्हा तसेच केले. आपल्याकडे एखाद्या मंडळाने अमृतमहोत्सवी वर्षात मुख्य आकर्षणच रद्द करावे, अशी कल्पना करून पाहा.

मी प्रत्यक्ष पाहिलेली स्पर्धा एवढी मोठी नव्हती. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. नोव्हेंबरच्या एका पहाटे जावई मला समुद्रावर घेऊन गेले. "बाबा, कोट काढू नका," एवढीच त्यांची सूचना होती आणि ती योग्य होती. किनाऱ्यावर पन्नासेक माणसे कमरेएवढ्या रबरी विजारी चढवून, लांब काठ्या घेऊन, एकमेकांपासून ठराविक अंतर राखून उभी होती. त्यांत एक निवृत्त पोस्टमन होता, दोन शाळकरी मुली होत्या, एक दंतवैद्यही निघाले. आदल्या संध्याकाळी सर्वांना नियम वाचून दाखविले होते. गळ पाण्यात केव्हा पडेल आणि केव्हा निघेल याची वेळ ठरलेली. किनाऱ्याची हद्द ठरलेली. काठी ज्याची त्यानेच धरायची. मासा लागल्यावर दुसऱ्याच्या हाती दिली की तो मासा बाद. मासा वजनकाट्यावर न्यायचाच नाही; आयोजकांनी दिलेल्या मापपट्टीवर, तोंड मिटवून, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचा आणि छायाचित्र घ्यायचे. त्या छायाचित्रात त्या दिवसाचा सांकेतिक क्रमांक लिहिलेले कार्ड दिसलेच पाहिजे, नाहीतर कोणी गेल्या वर्षीचा मासा आणून दाखवील. मग लगेच मासा पाण्यात. अनेक जुन्या स्पर्धांत मेलेला मासा काट्याला टांगून वजन होत असे. तो पेटीत घालून गावभर मिरविण्याचीही हौस होती. वजनाची जागा लांबीने घेतली, हा मला या खेळातला सर्वांत मोठा बदल वाटतो. लांबी मोजण्यासाठी जीव घ्यावा लागत नाही.

यापुढचे नियम मात्र एखाद्या शरीरशास्त्रज्ञाने लिहिल्यासारखे आहेत, आणि तेथेच माझ्यातला डॉक्टर जागा झाला. गळाला लागलेला मासा जीव तोडून झुंजतो. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, रक्ताची आम्लता वाढते, श्वासाची गरज कैक पटींनी वाढते. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला पाण्याबाहेर काढतो, जेथे त्याचे कल्ले मिटून जातात. दमछाक झालेल्या रुग्णाचा प्राणवायू काढून घेऊन फोटोसाठी हसायला सांगावे, तसाच हा प्रकार. म्हणून मजबूत दोर वापरून झुंज लवकर संपवावी, पाण्याबाहेरचा वेळ सेकंदांत मोजावा, हात ओले करावेत म्हणजे अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही, जबड्याला धरून उभा लोंबकळू न देता पोटाखाली दुसरा हात द्यावा, असे बारकावे सांगितले जातात. पाणी कोमट असेल तर त्यात विरघळलेला प्राणवायू आधीच कमी असतो. अशा दिवसांत सोडलेले मासे अधिक मरतात.

गळाच्या आकाराचा नियम तर विशेष लक्षणीय. नेहमीचा इंग्रजी 'जे' अक्षरासारखा गळ आमिषासकट गिळला गेला की घशात किंवा जठरात रुततो. माशाचे हृदय कल्ल्यांच्या मागे, घशाच्या अगदी खाली असते. यकृतही दूर नसते. गोल गळाचे टोक आत वळलेले असते. मासा वळून निघाला की तो गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आणि तेथून तो काढणे सोपे असते. २०२१ पासून अटलांटिक किनाऱ्यावर आमिष लावून स्ट्राइप्ड बास पकडणाऱ्यांना असा गोल गळ सक्तीचा झाला. पुढच्या वर्षी, माशाला आकड्याने भोसकून वर ओढण्यावरही बंदी आली.

जेथे बक्षीस आहे तेथे लबाडी असतेच. ३० सप्टेंबर २०२२ रोजी ओहायो राज्यात ईरी सरोवरावरील एका स्पर्धेत दोघा स्पर्धकांच्या पाच माशांचे वजन ३३.९१ पौंड भरले. मासा वॉलाय जातीचा, म्हणजे आपल्या कथानायकाचा कोणी नातलग नव्हे. दिसायला हे मासे चार-चार पौंडांचे. आयोजकाला संशय आला. त्याने सर्वांसमोर चाकूने मासे चिरले. आत शिशाची वजने निघाली आणि दुसऱ्या माशांचे तुकडेही. पहिले बक्षीस २८ हजार डॉलरांहून अधिक होते. दोघांनी २०२३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. दहा दिवसांचा तुरुंगवास आणि दंड झाला, परवाना निलंबित झाला, आणि नावही जप्त झाली. मोठ्या बक्षिसाच्या काही स्पर्धांत विजेत्यांची असत्यशोधक यंत्रावर चाचणी घेतात, हे वाचून मला प्रथम हसू आले होते. पुढे आले नाही. किनाऱ्यापासून दूर नावेत दोघेच असतात आणि साक्षीदार म्हणावा तर तो मासा.

आता सर्जन मित्रांच्या प्रश्नाकडे येतो. या स्पर्धांचे मोल कशात? बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या हा एक भाग झाला. मला त्याहून मोलाची वाटते ती माहिती. न्यू जर्सीतील सँडी हूक येथील अमेरिकन लिटोरल सोसायटी १९६५ पासून हौशी गळकरांकडून माशांना खुणेच्या पट्ट्या लावून घेते. तोच मासा पुढे कोठे, किती दिवसांनी, किती वाढून पुन्हा सापडला, याची नोंद होते. हजारो स्वयंसेवकांनी दशकानुदशके केलेला हा फॉलो-अपच म्हणायचा. आपल्यापैकी कितीजणांच्या रुग्णनोंदी इतक्या सलग असतील? शिवाय बंदीच्या काळात या माशासाठी आवाज उठविणाऱ्यांत गळकर मोठ्या संख्येने होते. ज्याने त्या माशाला हातात धरून पुन्हा पाण्यात सोडले आहे, त्याला त्याची काळजी वाटते, हे मी किनाऱ्यावर पाहिले.

पण मित्रांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. तेथील मत्स्यव्यवसाय आयोग हिशेबासाठी असे गृहीत धरतो की सोडलेल्या दर शंभर माशांपैकी नऊ पुढे मरतात. आकडा लहान वाटतो. परंतु सोडलेले मासे कोटींच्या घरात गेले की तो लहान राहत नाही. २०२० साली माणसाच्या हातून मेलेल्या स्ट्राइप्ड बासपैकी निम्म्याहून अधिक हे असे 'सोडून दिलेले' होते. शस्त्रक्रिया यशस्वी, रुग्ण घरी जाऊन दगावला, हे आपण यशात धरीत नाही. २०१९ मध्ये या माशाची संख्या पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचा अहवाल आला, आणि त्याच वर्षापासून चेसापीकमधील पिल्लांची वार्षिक गणती सातत्याने निराशाजनक येत आहे. ही गणती १९५४ पासून चालू आहे, म्हणून तिचा इशारा गंभीर मानावा लागतो. माझे मत असे की उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात या माशाच्या स्पर्धा घेऊच नयेत, आणि एका स्पर्धकाने दिवसात किती मासे पकडून सोडावेत यालाही मर्यादा हवी. गळाच्या आकारावर इतका विचार करणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये.

आपल्याकडे स्पर्धा नाहीत, पण नियम होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याखेरीज कोळी बांधव होडी लोटत नसत. आज पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत सरकारी बंदी असते, ती त्याच ऋतूत येते. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर मासे कोणी धरीत नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी ओखामंडळाच्या सागरी जीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करविली. त्याचे अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजल्यावाचून राखता येत नाही, हे महाराजांना उमगले होते. नर्मदेतील हिलसाच्या वाट्याला असे सातत्य आले नाही. धरणांनंतर खाली येणारे गोडे पाणी घटले, मुखाकडचा खारेपणा वाढला, आणि भरुचचे मच्छीमार जाळी हलकी झाल्याचे सांगतात. तिच्यासाठी डर्बी भरविणारे कोणी नाही. ती जाळ्यात येते आणि पाण्याबाहेर काढताच मरते, त्यामुळे मोजून सोडण्याचा पर्यायही नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड या किनाऱ्यांवर स्थायिक आहेत, आणि शरद ऋतूत तेथे गेलेल्यांना असा योग येऊ शकतो. न्यू जर्सीत समुद्रात गळ टाकण्यापूर्वी राज्याकडे नोंदणी करावी लागते, तिला शुल्क नाही. २०२३ च्या आणीबाणीच्या आदेशाने समुद्रातील स्ट्राइप्ड बाससाठी २८ ते ३१ इंच ही मर्यादा आली: त्याहून लहान सोडायचा आणि मोठाही सोडायचा, कारण मोठी ती बहुधा अंड्यांनी भरलेली मादी. मर्यादा बदलत असतात, म्हणून जाण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम जावयांना विचारून घ्यावा. तेथे हा मासा विकणे बेकायदेशीर आहे. मापपट्टी किनाऱ्यावरच्या आमिषाच्या दुकानात मिळते, आणि नोव्हेंबरात कोट काढू नये.