भूकंपाची चाहूल : कोयना-वारणेच्या खोऱ्यात खरे काय?

भूकंपाआधी कुत्री रडतात, विहिरीचे पाणी वर-खाली होते, जमीन घुमते. पाटण, कराड, शिराळा तालुक्यांत हे सांगणारी जुनी माणसे गावोगाव आहेत. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरले, सुमारे 180 माणसे गेली. ती रात्र ज्यांनी सोसली, त्यांच्या आठवणी थट्टेवारी नेण्यासारख्या नाहीत. फक्त त्यांतली प्रत्येक खूण भूकंपाची आगाऊ खबर देते का, हे तपासायला हवे.

जमीन घुमते, हे अगदी खरे. कोयनेचे बहुतेक भूकंप दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात. खडक फुटला की आधी प्राथमिक लहरी पोहोचतात आणि त्यांचाच घुमारा कानाला ऐकू येतो. घर हलवणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात. म्हणजे आवाज आला तेव्हा भूकंप जमिनीखाली होऊन गेलेला असतो. ऐन धक्क्याच्या तोंडावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाही बहुधा ही पहिली लहर जाणवते. कोयनानगरजवळच्या भूकंपात कराडला या दोन लहरींत जेमतेम पाचेक सेकंदांचे अंतर पडते.

मग आदल्या रात्री कुत्री रडली, त्याचे काय? कुत्री पुष्कळ रात्री रडतात. भूकंप झाला नाही ती रात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. चीनमध्ये 1975 साली हायचेंग शहर वेळेत रिकामे केले गेले, त्याचे श्रेय आजही प्राण्यांना दिले जाते. पण तिथे आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती, हे सांगायचे राहून जाते. पुढच्याच वर्षी तांगशानला अशी सूचना मिळाली नाही आणि दोन लाखांहून अधिक लोक मेले.

विहिरींची गोष्ट जास्त विचार करण्याजोगी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात खास निरीक्षणासाठी बोअर घेतले. काही भूकंपांच्या वेळी त्यांतली पातळी खरोखरच बदललेली दिसली, क्वचित धक्क्याआधीही. पण पाऊस, हवेचा दाब, शेजारचा पंप यांनीही पाणी हलते. एका विहिरीवरून निष्कर्ष काढता येत नाही, तो याचसाठी.

उकाडा वाढला की भूकंप होतो, ही समजूत मात्र निराधार आहे. हवेतला उकाडा काही किलोमीटर खोलवरच्या खडकापर्यंत जात नाही. जलाशयाच्या पाण्याचा दाब मात्र भेगांतून खोलवर पोहोचतो. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय 1962 च्या सुमारास भरू लागला आणि हादरे सुरू झाले. सांगली जिल्ह्याच्या सीमेवरचा वारणेचा चांदोली जलाशय 1985 नंतर भरला, तेव्हा ते दक्षिणेकडेही वाढले. पावसाळ्यात पाणी झपाट्याने चढले किंवा भरलेली पातळी दीर्घकाळ टिकली, की धक्क्यांची शक्यता वाढते, हे अनेक वर्षांच्या नोंदींवरून दिसते. म्हणून ‘धरणानेच भूकंप घडवला’ म्हणणे अर्धेच बरोबर आहे. ताण खडकात आधीपासूनच साठलेला असतो. पाणी फक्त तो सुटायला निमित्त होते.

आणखी एक समजूत मला सर्वांत धोक्याची वाटते : लहान धक्के बसताहेत, म्हणजे ताण निघून जातोय, आता मोठा येणार नाही. तीव्रता एकने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. 1967 च्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपाएवढी ऊर्जा मोकळी व्हायला 4.3 चे हजारभर धक्के लागतील. शिवाय त्या डिसेंबरआधी, सप्टेंबर 1967 मध्येही इथे पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला होता. तो पूर्वधक्का होता, हे नंतरच कळले.

दिवस आणि वेळ सांगणारा संदेश मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नये. असे नेमके भाकीत आज कोणालाच करता येत नाही. मात्र या खोऱ्यातले भूकंप लहानशा पट्ट्यात वारंवार होत असल्याने अभ्यासाला अशी जागा जगात दुर्मीळ आहे. त्यासाठीच कराडला केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. ज्यांना आपल्या विहिरीची साक्ष द्यायची आहे त्यांनी पातळी, तारीख, वेळ, पाऊस आणि पंपाचे तास रोज लिहून ठेवावेत, धक्का न बसलेल्या दिवशीसुद्धा.