धुक्यातले दिवे आणि खारं वारं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालवणात राहणाऱ्या माणसाला गाडीचे फॉगलाइट हवेत कशाला, असं कोणी विचारलं तर ते अगदीच वावगं नाही. आपल्या किनाऱ्यावर पाऊस धो धो पडतो, पण पुढचा रस्ताच दिसू नये असं धुकं क्वचित. मात्र आपला जिल्हा असा वसला आहे, की घाटमाथ्यावर जायचं म्हटलं की घाट चुकत नाही. कोल्हापूर असो की बेळगाव. आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा यांपैकी एखादा घाट चढावाच लागतो. आणि हा प्रवास नेहमी हौसेचा नसतो. कधी गाडीत आजारी माणूस असतो, रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि उजाडण्याची वाट बघायला सवड नसते.

पावसाचे चार महिने हे घाट अनेकदा ढगांतच असतात. समुद्रावरून येणारं दमट वारं सह्याद्रीला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि त्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. खालून जो आपल्याला ढग दिसतो, तोच वर पोचल्यावर रस्त्यावरचं धुकं होतो. अशा वेळी दाणोली मागे टाकून घाटाला लागल्यावर फॉगलाइटचं बटण दाबावं आणि दिवे लागूच नयेत, अशी पाळी पुष्कळांवर येते. कारण सरळ आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्या बटणाला कोणाचा हात लागलेला नसतो. दिवे मात्र बंपरच्या खालच्या कोपऱ्यात बसून धूळ, चिखल आणि खारं वारं खात असतात.

हे दिवे इतके खाली का बसवतात, ते आधी पाहू. धुक्यात अप्पर लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तो प्रकाश थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. फॉगलाइटचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापल्यासारखा असतो. तो आपल्या डोळ्यांच्या रेषेपासून बराच खालून जातो, म्हणून परत येणारा प्रकाश कमी आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, कठडा जास्त दिसतो. दिवा पिवळाच हवा का, असं बरेच जण विचारतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने फार मोठे असतात. ते पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. काहींच्या डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो, इतकंच. खरं काम रंग करत नाही, झोताचा आकार आणि दिव्याची जागा करते.

आता बिघाडाकडे वळू. दिवा लागला नाही की आपण म्हणतो, बल्ब गेला. पण बल्ब हा विजेच्या वाटेवरचा एक मुक्काम आहे. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, रिले आणि वायरिंगच्या कपलरमधून बल्बपर्यंत येते आणि तिथून अर्थच्या वायरने गाडीच्या पत्र्यात, म्हणजे पुन्हा बॅटरीकडे जाते. बटणाचं काम फक्त रिलेला हुकूम देण्याचं. ही वाट कुठेही तुटली तरी दिवा विझलेलाच दिसतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी लक्षणं बघावीत.

दोन्ही दिवे एकदम बंद असतील तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेत, म्हणजे बटण, फ्यूज किंवा रिले यांत असतो. एकच दिवा बंद असेल तर त्या बाजूचा बल्ब, कपलर किंवा अर्थ. दिवा लागतो पण मंद, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की लुकलुकतो, तर कुठेतरी जोड सैल झाला आहे किंवा गंजला आहे.

दोन्ही बंद असतील तेव्हा सर्वांत सोपी गोष्ट आधी तपासा. बहुतेक गाड्यांत पार्किंग किंवा हेडलाइट चालू असल्याशिवाय पुढचे फॉगलाइट लागतच नाहीत. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी असते. त्यानंतर फ्यूज. फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. दिवे बंद करून फ्यूज काढा आणि उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली असेल तर तो उडाला. नवा फ्यूज तितक्याच अँपिअरचा घाला. लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. 55 वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण 9 अँपिअर वीज घेतात, म्हणून अशा दिव्यांना बहुधा 15 चा फ्यूज असतो. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर सोलवटून पत्र्याला टेकते आहे असं समजावं. अशा वेळी 30 चा फ्यूज घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे रखवालदाराला घरी पाठवून दार उघडं ठेवणं. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि गाडीला आग लागू शकते.

फ्यूज शाबूत असेल तर रिले. एकाने बटण दाबावं आणि दुसऱ्याने पेटीजवळ कान द्यावा. बारीकसा ‘टक’ असा आवाज आला नाही, तर रिलेपर्यंत हुकूम पोचत नाही किंवा रिले गेला. अनेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असतो. तसा असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा. दोष लगेच कळतो. आवाज येतो पण दिवे लागत नाहीत, तर रिलेच्या आतले जोड जळालेले असू शकतात.

आता आपल्या किनाऱ्याच्या खास दुखण्याकडे येऊ. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्या घरांत कोणाला सांगायला नको. आंबट पदार्थाने तांबं सुटतं आणि हिरवट डाग पडतात. कपलरच्या आत असंच काहीसं घडतं. तिथले जोड तांब्या-पितळेचे. त्यांवर खारं वारं बसतं, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हिरवी-पांढरी भुकटी धरते. अर्थचा स्क्रू जिथे पत्र्याला आवळलेला असतो, तिथे लाल गंज चढतो. वीज या थरांतून जाते, पण कुथतकण्हत.

कुथतकण्हत म्हणजे किती? 55 वॅटच्या बल्बचा विरोध जळताना सुमारे 2.6 ओहम असतो. गंजाने त्यात फक्त अर्धा ओहम वाढवला, तर 12 व्होल्टपैकी बल्बला जेमतेम 10 मिळतात आणि त्याचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. गंजलेल्या जोडात मात्र 7 वॅटच्या आसपास उष्णता साठते. प्लास्टिकचा कपलर पिवळा पडून वितळतो तो यामुळे. बल्ब बदलला, दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

हा दोष फसवाही असतो. मल्टिमीटर लावला तर कपलरमध्ये 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ वीज घेतच नाही. भार पडला की तीच वाट कोलमडते. म्हणून जुन्या, साध्या गाड्यांत इंडिकेटरच्या 21 वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्टलॅम्प बरा. एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला आणि दुसरं कपलरच्या जिवंत टोकाला लावा. बल्ब लख्ख पेटला तर तिथवर वीज नीट येते आहे. मग बॅटरीच्या वजा बाजूपासून एक सुटी वायर फॉगलाइटच्या अर्थच्या टोकाला लावून बघा. दिवा लगेच उजळला तर दोष अर्थचा आहे. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. कपलरला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. जोड खाऊन झिजले असतील तर कपलरच बदलावा.

बल्ब बदलायची वेळ आलीच तर त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटांवरचं तेल आणि घाम त्या तापणाऱ्या काचेवर बसतात, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. काचेला कापडानेच धरा. जास्त वॅटचा बल्बही नको. वायरी आणि होल्डर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. दिव्याच्या आत पाणी साचत असेल तर काचेला तडा किंवा मागचं रबर सैल असतं. ते दुरुस्त न करता बल्ब बदलणं व्यर्थ.

अलीकडच्या अनेक गाड्यांत दिव्यांचा कारभार कॉम्प्युटरकडे असतो आणि फॉगलाइट एलईडीचे, सीलबंद असतात. तिथे फ्यूज बघावा, कपलर बाहेरून तपासावा आणि पुढचं काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवावं. टेस्टलॅम्पने तिथे टोचाटोच करू नये. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना तर हातही लावू नये.

आणि दिवे घाटातच दगा देऊन गेले तर? अप्पर लावू नका, डिमवर चाला आणि वेग उतरवा. समजा धुक्यात 20 मीटरपर्यंतच दिसतं आहे. ओल्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ब्रेक दाबायला लागणारा एक सेकंद धरून, थांबायला 23 मीटरच्या आसपास घेते. म्हणजे समोर बंद पडलेला ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ताशी 20 वेगाने तीच गाडी 9 मीटरमध्ये थांबते. फॉगलाइट चालू असले तरी हा हिशेब बदलत नाही. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी हाकण्याची सवयही सोडावी. आपण कुठे वळणार, हे मागच्याला कळत नाही. थांबणंच भाग पडलं तर वळण टाळून, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घ्यावी आणि तेव्हाच ते चार दिवे लावावेत.

आपल्याकडे मिरगाच्या आधी आगोटीची कामं उरकतात. लाकडं आत येतात, घर शाकारलं जातं, होड्या वर ओढल्या जातात. गाडीच्या दिव्यांची तपासणी त्याच यादीत लिहावी. वर्षभर महिन्यातून एकदा दोन मिनिटं फॉगलाइट लावून बघावेत, आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी गाडीची खालची बाजू अधूनमधून गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवावी. मे महिन्यात अंगणात अर्ध्या तासात सापडणारा दोष जुलैच्या रात्री आंबोलीच्या वळणावर, पावसात भिजत शोधत बसावं लागू नये.