दामदुप्पट

अमळनेरच्या बाजारात कापूस विकून पैसा हाती आला, म्हणजे शेतकऱ्यास आधी देण्याची आठवण होते. आणि देण्याच्या हिशेबात ‘दामदुप्पट’ हा शब्द कोठे ना कोठे येतोच. ठेवी गोळा करणाऱ्यांनी अलीकडे त्यास आमिषाचे रूप दिले आहे. मूळ शब्द मात्र ऋणकोच्या रक्षणाचा.

नियम असा की, थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आढळतो. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोपुरता तो मानला, आणि खानदेश त्याच इलाख्यात मोडत असे. शंभर रुपये दरसाल दरशेकडा बारा दराने घेतले, तर आठ वर्षे चार महिन्यांत सरळ व्याज शंभर होते. पुढे धनको कितीही वर्षे थांबो, मागणी दोनशेचीच.

खरी मेख ‘एका वेळी’ या शब्दांत आहे. पूर्वी फेडलेले व्याज या मोजणीत धरीत नसत. शिवाय कुळाने दोनशेचे नवे खत लिहून दिले, की तेच मुद्दल ठरे आणि मर्यादा चारशेवर जाई. जुन्या खतावर नवा अंगठा घेण्याची सावकारास एवढी निकड का, हे यावरून उमगते.

महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने चक्रवाढ व्याज आणि मुद्दलाहून अधिक व्याज, दोन्हींस मनाई केली. बँकांची कर्जे त्या कायद्याबाहेर आहेत. परंतु अल्पभूधारकांच्या अल्पमुदतीच्या शेतीकर्जावरील एकूण व्याज मुद्दलापुढे नेऊ नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांस केलेली आहे.