रॅम्पमागचा कपडेपट

बुटाच्या तळाला मास्किंग टेप लावायची, आणि ती बाजूने दिसता कामा नये. फॅशन शोच्या मागच्या खोलीत नव्या मुलीच्या हातात पुष्कळदा पहिलं काम हेच येतं. बूट उसने आणलेले असतात, शो झाला की जिथून आणले तिथे परत जायचे असतात. तळ घासलेला चालत नाही. वीस जोड झाले की अंगठ्याचं नख दुखायला लागतं, असं माझ्या भाचीचं म्हणणं.

भाची नवी मुंबईत फॅशन डिझाइन शिकते. मुंबईतल्या एका छोट्या आयोजकाच्या शोला ती व्हॉलंटिअर म्हणून गेली होती आणि तिच्या वशिल्याने मलाही दोनेक तास मागे उभं राहता आलं. ‘‘मावशी, भिंतीला टेकून उभी राहा आणि कशालाही हात लावू नकोस,’’ एवढी एकच अट.

लांबट खोलीत कपड्यांचे रॅक ओळीने लावलेले. प्रत्येक रॅकवर एका मॉडेलचं नाव, तिचा फोटो आणि ती कितव्या नंबरला काय घालणार याचा कागद. हँगरला प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात कानातली, बांगड्या, सेफ्टी पिना. शो जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. एकाच मॉडेलला दोनदा जायचं असेल, तर मधे मिनिट-दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात एक पोशाख उतरवून दुसरा चढवायचा, म्हणून खरं कसब आधीच्या मांडामांडीत. चेन पूर्ण उघडून ठेवायची, हुक सोडून ठेवायचे, बुटांचे पट्टे मोकळे करून पावलं थेट आत जातील अशा दिशेने जोड मांडायचा. कपडा डोक्यावरून घालायचा असेल, तर आधी चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकायचा. नाहीतर लिपस्टिक गळ्याला लागलीच म्हणून समजा.

माझ्यासमोर एकीची चेन तुटली. भाचीने मानही न वळवता ‘‘मास्टरजी!’’ अशी हाक दिली. कॉलरला दोरा ओवलेल्या सुया टोचलेले एक गृहस्थ आले, मॉडेलच्या पाठीमागे उभे राहिले आणि चेनच्या जागी सरळ टाके घालत गेले. मुलीला पोशाखात अक्षरशः शिवून बाहेर पाठवलं. समोर बसलेल्यांना पत्ताही लागला नाही.

मॉडेलला कपडे चढवणाऱ्याला ‘ड्रेसर’ म्हणतात. मूळचा नाटकवाल्यांचा शब्द. आपल्या रंगभूमीवर या सगळ्या विभागासाठी नेमका शब्द आहे, कपडेपट. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा कपडेपट म्हणजे दंतकथाच. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे शालू, दागिने, अंबाड्यातली फुलं पाहून घरोघरच्या बायकांनी तशी नेसण आणि तशी केशरचना उचलली. महाराष्ट्राने पहिला रॅम्प पाहिला तो नाट्यगृहात, आणि त्यावरची सर्वांत गाजलेली ‘मॉडेल’ पुरुष होती! त्या शालूंना घड्या घालणारे हात कोणाचे होते, हे मात्र फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

कपडेपटातून थेट रॅम्पवर गेलेलं एक ठळक उदाहरण लंडनचं. सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयात शिकत असताना डिझायनर जॉन गॅलियानो नॅशनल थिएटरमध्ये ड्रेसरचं काम करत होता. 1984 मध्ये त्याने पदवीसाठी फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळावर बेतलेले कपडे केले आणि ब्राउन्स या दुकानाने ते सगळेच्या सगळे विकत घेतले. जुन्या पद्धतीचा पोशाख अंगावर कसा चढतो आणि कुठे अडतो, हे त्याने विंगेत रोज पाहिलं होतं. त्याचा उपयोग झालाच असणार.

असे शो ओळीने भरवणारी फॅशन वीक ही चीज मुळात व्यापाराची. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसशी संपर्क तुटला, तेव्हा एलिनॉर लॅम्बर्ट या प्रसिद्धीतज्ज्ञ बाईंनी 1943 साली न्यूयॉर्कमध्ये ‘प्रेस वीक’ भरवला. पत्रकारांनी अमेरिकी शिंप्यांचे कपडे पाहावेत, छापावेत, हा हेतू. आपल्याकडे 1998 मध्ये फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली. पुढे आयोजकांत फाटाफूट होऊन दिल्ली आणि मुंबईच्या चुली वेगळ्या झाल्या. 2006 पासून लॅक्मे फॅशन वीक मुंबईचा झाला, आधी एनसीपीए, अलीकडे बीकेसी. 2021 मध्ये कौन्सिल आणि लॅक्मे या दोघांनी पुन्हा हात मिळवले. या भांडणाचा तपशील कंटाळवाणा आहे, सोडून देऊ.

मुंबईच्या त्या पर्वाबरोबरच ‘जेन नेक्स्ट’ हा नवोदितांचा मंच आला. तिथून पुढे आलेला राहुल मिश्रा 2020 मध्ये पॅरिसच्या हॉट कुट्यूर वीकमध्ये पोहोचला. तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय डिझायनर. मागच्या खोलीत टेप लावणाऱ्या प्रत्येक मुलीच्या डोक्यात अशीच एखादी गोष्ट घोळत असते. फुकट राबायला माणसं का मिळतात, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर भाचीने दिलं. लेहंग्याचं वजन पेलायला कमरेत आतून पट्टी कशी बसवतात, जड घेराला कॅनकॅन कुठे जोडतात, महागड्या जॅकेटचं अस्तर किती सैल सोडतात, हे तिने शोच्या दोन दिवसांच्या कामात कपडे उलटे करून पाहिलं. वर्गात हे फळ्यावर काढून दाखवतात. हातात वजन येत नाही.

म्हणून पहिल्या खेपेला ते शिक्षण होतं, हे मला मान्य आहे. पण तिसऱ्या शोला त्याच मुलीने तीच टेप लावायची, तर ते निव्वळ काम झालं, आणि कामाला दाम हवा. अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. 2013 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ आणि ‘डब्ल्यू’ या मासिकांत उमेदवारी केलेल्या दोघांनी कॉन्डे नास्ट कंपनीवर दावा लावला. पुढच्या वर्षी 58 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि दरम्यान कंपनीने उमेदवारीची ती योजनाच गुंडाळली. हा तोडगा मला काही पटत नाही. पैसे द्यायचे नाहीत म्हणून दार लावून घेतलं, तर बाहेर राहते ती बिनओळखीचीच मुलगी. आपल्याकडे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतन आहे, पण ते रीतसर करार झालेल्यांना. दोन दिवस कपडे चढवणारी विद्यार्थिनी त्या चौकटीत येत नाही. मराठी नाटकातल्या बॅकस्टेजच्या माणसाला, कमी का होईना, प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. रॅम्पमागे एक सर्टिफिकेट आणि जेवणाचं पाकीट.

भाचीच्या त्या शोच्या रात्री सगळं दीड तास उशिरा सुरू झालं. टाळ्या झाल्या, डिझायनर वाकून नमस्कार करून आला, आणि मग मागे मोजदाद सुरू झाली. एका कानातल्याचा जोडीदार सापडेना. तो मिळेपर्यंत कोणाला सोडेनात. शेवटी एका ओढणीच्या झालरीत अडकलेला निघाला. तोवर शेवटची लोकल गेली होती. चौघींनी मिळून टॅक्सी केली, प्रत्येकीचे चारशे रुपये, स्वतःच्या पर्समधले. आयोजकांपैकी कोणी ‘घरी कशा जाणार’ असं विचारलं नाही.

येत्या हंगामात तुमच्या घरची कोणी मुलगी अशा शोला निघाली, तर तिला अडवू नका. फक्त जाण्याआधी तिने आयोजकांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: किती वाजता सोडणार, हरवल्या-फाटल्याची भरपाई कोणाकडे, आणि रात्री घरी कोण पोहोचवणार.