कोर्टच्या आतबाहेर – भाग ६ : नावापुढचा ‘क्यू’

ग्रँड स्लॅमचा ड्रॉ जाहीर झाला की बहुतेकांची नजर आधी मानांकित नावांवर जाते. माझी खोड वेगळी आहे. मी नावापुढचे ‘क्यू’ शोधत बसतो. ‘क्यू’ म्हणजे पात्रता फेरीतून आलेली खेळाडू.

क्रमवारी कशी ठरते ते मागच्या भागात पाहिलं. तिचा खरा हिशोब इथे चुकता होतो. महिला एकेरीच्या मुख्य ड्रॉत १२८ जागा. अमेरिकन ओपनमध्ये १०४ जणी साधारण क्रमवारीवर थेट येतात, ८ जणींना वाइल्ड कार्ड मिळतं आणि उरलेल्या १६ जागांसाठी आदल्या आठवड्यात आणखी १२८ जणी भांडतात. तीन सामने सलग जिंकायचे. एक हरलात की बॅग भरा.

२०२१ साली न्यूयॉर्कच्या या गर्दीत अठरा वर्षांची एमा राडुकानू होती, क्रमवारी १५०. कोविडमुळे त्या वर्षी पात्रता सामन्यांना प्रेक्षकही नव्हते. तिने परतीचं विमानसुद्धा पात्रता फेरीचा आठवडा धरूनच आरक्षित केलं होतं. यात निराशावाद काही नाही, साधा व्यवहार आहे.

तिकीट वाया गेलं. मुख्य ड्रॉत पहिल्याच फेरीत तिच्यासमोर तेरावी मानांकित जेनिफर ब्रेडी यायची होती. ब्रेडीने दुखापतीमुळे माघार घेतली आणि जागी आली स्टेफनी व्हॉगेले, म्हणजे ‘लकी लूझर’ : पात्रता फेरीत हरूनही ऐनवेळी रिकाम्या झालेल्या जागेवर बोलावलेली खेळाडू. पुढे चौथ्या फेरीत अव्वल मानांकित अ‍ॅश्ले बार्टीशी गाठ पडायची, पण बार्टीला आदल्याच फेरीत शेल्बी रॉजर्सने घरी पाठवलं होतं. राडुकानूने रॉजर्सला ६-२, ६-१ असं हरवलं.

मग हे नुसतं नशीब का? काही जण तेव्हा तसं म्हणाले. मला ते पटत नाही. उपांत्यपूर्व फेरीत तिने बेलिंडा बेन्चिचला हरवलं, आणि बेन्चिच महिन्याभरापूर्वीच टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकून आली होती. उपांत्य फेरीत मारिया सक्कारीला ६-१, ६-४. ड्रॉ फार तर दार किलकिलं करतो.

अंतिम सामन्यात समोर कॅनडाची लैला फर्नांडेझ, एकोणीस वर्षांची, तीही बिगरमानांकित. तिची वाट तर कितीतरी खडतर : गतविजेती नाओमी ओसाका, मग कर्बर, स्वितोलिना, साबालेंका. राडुकानू ६-४, ५-३ पुढे होती, सामना संपवण्यासाठी सर्व्हिस करत होती आणि ३०-४० अशी मागे पडली. घसरली, गुडघा खरचटला, रक्त आलं. रक्त दिसलं की खेळ थांबवून उपचार करावेच लागतात. लय तुटली म्हणून फर्नांडेझ अधिकाऱ्यांशी वाद घालू लागली. तिचा राग समजण्यासारखा होता, नियम मात्र राडुकानूच्या बाजूने. पट्टी लावून ती परतली, ब्रेक पॉइंट वाचवला आणि थोड्याच वेळात एका एसने सामना संपवला. ११ सप्टेंबर. पात्रतेचे ३ आणि मुख्य ड्रॉचे ७ असे दहा सामने, एकही सेट न गमावता. व्यावसायिकांना ग्रँड स्लॅम खुली झाली ती १९६८ साली. तेव्हापासून पात्रता फेरीतून येऊन एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिलीच, पुरुषांतही असं कुणी नव्हतं.

आपल्याकडच्या वाचकाला या दाराचं मोल अंकिता रैनावरून कळेल. पुण्यात सराव करून घडलेली ही खेळाडू अशा पात्रता फेऱ्या वर्षानुवर्षं खेळली. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची महिलांची पात्रता कोविडमुळे दुबईत झाली, तिथे ती तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आणि हरली. मुख्य ड्रॉ एका सामन्याने हुकला. आपल्या वर्तमानपत्रांत अशा पराभवाला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

तेव्हा पुढच्या ग्रँड स्लॅमला एक करा. ड्रॉचा कागद समोर घ्या, सोळा ‘क्यू’ पेन्सिलने गोल करा आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातले किती उरतात ते बघा. पुढच्या भागात पॅरिसच्या लाल मातीकडे वळू.