फुटबॉल प्रबोधिनी

फुटबॉल प्रबोधिनी : फुटबॉलच्या खेळात उपजत गती असलेल्या मुलामुलींची लहान वयातच निवड करून त्यांना निवास, आहार, शालेय शिक्षण व शास्त्रोक्त क्रीडाप्रशिक्षण एकत्रितपणे पुरविणारी संस्था. शाळा आणि तालीम या दोहोंची कार्ये तीत एकवटलेली असतात. हौशी खेळाडूपासून व्यावसायिक खेळाडूपर्यंतचा जो प्रवास पूर्वी बहुतांशी योगायोगावर अवलंबून असे, त्याला निश्चित क्रम व शिस्त लावणे, हे प्रबोधिनीचे प्रमुख उद्दिष्ट होय. काही प्रबोधिन्या क्लब चालवितात, तर काही शासन, राष्ट्रीय महासंघ वा औद्योगिक संस्था चालवितात.

उगम व विकास : यूरोपातील क्लबांनी कुमार खेळाडूंचे संघ बाळगण्याची प्रथा विसाव्या शतकात रुजविली. ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबने या पद्धतीला विशेष वळण दिले. योहान क्रॉइफ हा डच खेळाडू १९५७ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी या क्लबात दाखल झाला व १९६४ मध्ये त्याच्या मुख्य संघातून खेळू लागला. कुमारांपासून मुख्य संघापर्यंत खेळण्याची एकच पद्धत ठेवल्यास वरच्या संघात जाणारा खेळाडू तेथे नवखा ठरत नाही, हे तत्त्व आयाक्समध्ये दृढ झाले. फ्रान्सच्या महासंघाने १९७२ मध्ये व्हिशी येथे राष्ट्रीय फुटबॉल संस्था स्थापिली. ती १९८८ मध्ये क्लेअरफाँतेन येथे हलविण्यात आली. बार्सेलोना क्लबने ‘ला मासिया’ या जुन्या शेतघरात १९७९ पासून बाहेरगावच्या मुलांच्या निवासाची सोय केली. अर्जेंटिनाचा लिओनेल मेस्सी २००० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी या क्लबाकडे आला आणि २००४ मध्ये त्याच्या मुख्य संघातून स्पॅनिश साखळी स्पर्धेत उतरला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची लिलशॉल येथील निवासी शाळा १९८४ ते १९९९ या काळात चालू होती.

भारतात जमशेटपूर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेली टाटा फुटबॉल अकादमी ही या प्रकारची अग्रेसर संस्था होय. रेनेडी सिंग, महेश गवळी, दीपक मंडल, सुब्रत पाल इ. आंतरराष्ट्रीय खेळाडू तेथे तयार झाले. महाराष्ट्रात शासनाने १९९६ च्या सुमारास क्रीडा प्रबोधिनी योजना आखली. बालेवाडी (पुणे) येथील शिवछत्रपती क्रीडानगरीखेरीज नागपूर, अमरावती, अकोला, कोल्हापूर, नासिक इ. ठिकाणी तिची केंद्रे निघाली. मात्र प्रत्येक केंद्रात प्रत्येक खेळाचे प्रशिक्षण मिळत नाही. खेळांची वाटणी केंद्रनिहाय केलेली असते.

निवड : शासकीय योजनेत साधारणपणे ८ ते १४ वर्षे वयोगटातील मुलांची पारख केली जाते. उंची व वजन पाहून ३० मी. धाव, ६ × १० मी. धाव, ८०० मी. धाव, उभ्याने लांब व उंच उडी, मेडिसिन बॉल फेक आणि लवचिकता यांच्या चाचण्या घेतात. या चाचण्यांतून वेग, चापल्य, दम व स्फोटक शक्ती यांचा अंदाज येतो. चेंडूवरील ताबा, सहकाऱ्याची हालचाल ओळखण्याची नजर व निर्णयातील तत्परता हे गुण मात्र प्रत्यक्ष सामन्यातच दिसतात. म्हणून जाणते प्रशिक्षक लहान मैदानावर थोड्या खेळाडूंचे सामने लावून मुलांचे निरीक्षण करतात.

निवडीत दोन दोष हटकून आढळतात. पहिला जन्ममहिन्याचा. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. बारा-तेरा वर्षांच्या वयात हे अंतर उंचीत व ताकदीत स्पष्ट दिसते आणि वाढीलाच गुणवत्ता समजण्याची चूक घडते. दुसरा दोष खोट्या वयाचा. त्याला आळा घालण्यासाठी मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरविण्याची पद्धत स्वीकारण्यात आली आहे.

प्रशिक्षणक्रम : बाराव्या वर्षापर्यंत चेंडूशी सलगी वाढविण्यावर भर असतो. दोन्ही पायांनी चेंडू अडविणे, वळविणे व पुढे देणे, तसेच चार किंवा पाच गड्यांचे छोटे सामने खेळणे, हा या काळातील मुख्य अभ्यास. तेराव्या वर्षानंतर पूर्ण मैदानावर अकरा गड्यांचा खेळ, जागांची वाटणी, बचाव व चढाई यांतील समन्वय शिकविला जातो. सोळाव्या वर्षापासून शक्तिवर्धन, डावपेच व स्पर्धात्मक सामने यांना प्राधान्य मिळते. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात गुडघ्याखालील व टाचेच्या हाडांवर ताण येऊन वेदना सुरू होतात. त्या काळात सराव कमी करणे अगत्याचे असते. या वेदनेकडे ‘कच खाणे’ म्हणून पाहिल्यास खेळाडूचे दीर्घकालीन नुकसान होते.

एका खेळाडूची वाटचाल : प्रबोधिनीपासून व्यावसायिक क्लबापर्यंतचा क्रम महाराष्ट्रात कसा घडतो, याचे स्पष्ट उदाहरण म्हणून अनिकेत जाधव (१३ जुलै २०००– ) यांची कारकीर्द सांगता येते. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, रिक्षाचालकाच्या कुटुंबातला. कोल्हापुरात पेठांच्या तालमी व तरुण मंडळे यांचे संघ शाहू स्टेडियमवर चुरशीने खेळतात. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब ही त्यांतील काही नावे. कुस्तीच्या या नगरीत फुटबॉललाही घरोघरी प्रेक्षक आहे. असा परिसर लाभलेले जाधव लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आले आणि तेथून पुणे एफ. सी. या क्लबाच्या अकादमीत गेले. पुढे राष्ट्रीय महासंघाने सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी गोव्यात चालविलेल्या सराव शिबिरात त्यांची निवड झाली.

ही स्पर्धा ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात भरली. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकाच्या अंतिम टप्प्यात भारतीय संघ खेळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पोर्तुगीज प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस यांच्या मार्गदर्शनाखालील २१ जणांच्या संघात जाधव आघाडीचे खेळाडू होते. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा मराठी कुटुंबातील बचावपटूही याच संघात होता. दिल्लीतील तिन्ही सामने भारताने गमावले : अमेरिकेविरुद्ध ०–३, कोलंबियाविरुद्ध १–२ व घानाविरुद्ध ०–४. कोलंबियाविरुद्धचा भारताचा एकमेव गोल जीक्सन सिंगने केला. याच पिढीतील मुलांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ त्यानंतर आय-लीग स्पर्धेत उतरविण्यात आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नई सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने ३–० असा विजय मिळविला. त्यांतील दोन गोल जाधव यांचे होते.

पुढील वाट सरळ नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २–१ असे हरविले. या गाजलेल्या सामन्यात जाधव यांना लाल कार्ड मिळून मैदान सोडावे लागले व उरलेला खेळ संघाने दहा गड्यांनिशी निभावला. २०१९ मध्ये पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाची मालकी असलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश क्लबात काही काळ प्रशिक्षण घेऊन ते त्याच वर्षी जमशेटपूर एफ. सी.त दाखल झाले आणि इंडियन सुपर लीगमध्ये खेळू लागले. २०२१ मध्ये ते हैदराबाद एफ. सी.कडे गेले. मार्च २०२२ मध्ये फातोर्डा (गोवा) येथील अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी किकांवर हरवून या क्लबाने विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी राष्ट्रीय वरिष्ठ संघाच्या चमूतही जाधव यांची निवड झाली. नंतर ते ईस्ट बंगाल व ओडिशा या क्लबांकडून खेळले. आघाडीवर खेळणाऱ्या या कुमार खेळाडूला व्यावसायिक क्लबांनी मुख्यत्वे बगलेवर खेळविले. जागा बदलून टिकून राहणे हाही व्यावसायिकतेचाच भाग होय.

आधाराचे अस्थैर्य : या कारकीर्दीतून प्रबोधिनी-पद्धतीची एक मर्मस्थानीची उणीवही लक्षात येते. खेळाडूची घडण पूर्ण होण्यास आठ-दहा वर्षे लागतात, पण क्लबांचे आयुष्य अनेकदा त्याहून अल्प ठरते. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये निघालेला पुणे एफ. सी. २०१५ च्या हंगामानंतर आय-लीगमधून बाहेर पडला. एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये संपुष्टात आला व त्याच्या जागी हैदराबादचा क्लब स्पर्धेत आला. क्लब मिटला की त्याच्या कुमार संघांतील मुले निराधार होतात. वरिष्ठ खेळाडूला दुसरा क्लब मिळू शकतो, चौदा वर्षांच्या मुलाला बहुधा गावी परतावे लागते.

आर्थिक तरतुदी : लहान क्लबांचे श्रम वाया जाऊ नयेत म्हणून जागतिक फुटबॉल महासंघाने (फिफा) २००१ मध्ये दोन तरतुदी केल्या. खेळाडूने प्रथम व्यावसायिक करार केल्यास त्याला घडविणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण-भरपाई देय होते. तसेच कराराच्या मुदतीत खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर झाल्यास मिळणाऱ्या रकमेपैकी ५ टक्के वाटा, १२ ते २३ या वयांत तो ज्या क्लबांकडे नोंदलेला होता, त्यांत विभागला जातो. १२ ते १५ या वयांतील प्रत्येक वर्षासाठी हा वाटा ०·२५ टक्के व त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ०·५ टक्के असतो. हा हक्क नोंदणीकृत क्लबालाच मिळतो. नोंद नसलेले मंडळ अथवा केवळ शाळेचा संघ त्याला पात्र ठरत नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरास, काही अपवाद वगळता, फिफाची मनाई आहे. परदेशी क्लबाचे आमिष दाखवून पालकांकडून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहण्यास हा नियम ठाऊक असणे उपयोगी पडते.

वर्धा जिल्हा व विदर्भ : देशातील सर्वोच्च श्रेणीच्या व्यावसायिक साखळी स्पर्धेत विदर्भाचा क्लब खेळलेला नाही. वर्धा, हिंगणघाट वा आर्वी येथील गुणी मुलाची वाट त्यामुळे शालेय स्पर्धांतून जाते. तालुका, जिल्हा, नागपूर विभाग व राज्य या तिच्या पायऱ्या होत. सुब्रतो चषक (स्थापना १९६०) ही राष्ट्रीय शालेय स्पर्धाही याच क्रमाने खेळली जाते. वर्ध्यापासून सु. ७५ कि.मी.वरील नागपूर आणि त्याला लागून असलेली कामठी येथे फुटबॉलची परंपरा जुनी आहे. नागपूर येथे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे कार्य सुरू केले. त्यावर आधारित झुंड हा हिंदी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) शारीरिक शिक्षणाचे जुने केंद्र आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभरातील शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळण्याचा उपक्रम झाला. एका दिवसाच्या उत्साहाने मुले मैदानावर येतात. ती तेथे टिकण्यासाठी मात्र नियमित प्रशिक्षक, वर्षभर चालणारी जिल्हा साखळी स्पर्धा व क्लबाची रीतसर नोंदणी या तीन गोष्टींची आवश्यकता असते. त्यांच्या अभावी अकरा-बारा वर्षांच्या मुलाला घर सोडून पुणे वा अन्य दूरच्या शहरी जावे लागते. मुलींच्या बाबतीत ही अडचण अधिकच बिकट होते.

शिक्षण व भवितव्य : प्रबोधिनीत दाखल होणाऱ्या मुलांपैकी फारच थोडी व्यावसायिक खेळाडू होतात. दुखापत, खुंटलेली वाढ, स्पर्धा आणि आर्थिक ओढाताण यांमुळे बहुसंख्य मुले वाटेत गळतात. म्हणून प्रबोधिनीची खरी कसोटी तिने घडविलेल्या मोजक्या नामवंतांबरोबरच बाहेर पडलेल्या इतरांच्या स्थितीवरून घेतली पाहिजे. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत, हाताने करावयाचे काम व पुस्तकी ज्ञान यांची फारकत करू नये, असे सूत्र होते. क्रीडाशिक्षणालाही ते लागू पडते. शाळा बुडवून केवळ सराव करवून घेणारी प्रबोधिनी मुलाच्या आयुष्याची एकच बाजू पणाला लावते. उलट, शालान्त परीक्षेपर्यंतचे शिक्षण नीट देणारी संस्था मैदानाबाहेर गेलेल्या मुलालाही प्रशिक्षक, पंच, क्रीडाशिक्षक वा व्यायामोपचारतज्ज्ञ होण्याचा मार्ग मोकळा ठेवते.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी पुढील बाबी पाहून घ्याव्यात : संस्थेस राष्ट्रीय वा राज्य संघटनेची मान्यता आहे की नाही, प्रशिक्षकांजवळ अधिकृत परवाना आहे की नाही, जवळची शाळा, वैद्यकीय देखभाल व दुखापतीचा विमा यांची सोय कशी आहे, शुल्क किती व ते परत मिळण्याच्या अटी कोणत्या, आणि संस्था मध्येच बंद पडल्यास मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची. मैदानावरील यशाची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. या प्रश्नांची लेखी उत्तरे मात्र प्रत्येक संस्थेला देता येतात आणि तिची विश्वासार्हता त्यांवरून जोखता येते. [→ फुटबॉल].