आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, तरी उमेदवारी बायडेन यांनाच कशी मिळाली?

११ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवणारं पक्षांतर्गत मतदान. जो बायडेन मैदानात होते. ३६ वर्षं सिनेटर, ८ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष, नाव घराघरांत माहीत. पण त्या रात्री निकाल लागायच्या आधीच त्यांनी न्यू हॅम्पशायर सोडलं आणि थेट साऊथ कॅरोलायना गाठलं. काय होणार आहे हे त्यांना कळून चुकलं होतं.

निकाल आला. बर्नी सँडर्स पहिले, पीट बुटिजेज दुसरे, एमी क्लोबशार तिसऱ्या, एलिझाबेथ वॉरन चौथ्या आणि बायडेन पाचवे. मतं साडेआठ टक्क्यांच्याही आत. आठ दिवसांपूर्वी आयोवात ते चौथे आले होते.

टीव्हीवरच्या पंडितांनी बायडेन संपले असं जवळपास जाहीर करून टाकलं. त्यासाठी आधारही तगडा होता. १९७२ पासून दोन्ही मोठ्या पक्षांत प्रायमरीची आजची पद्धत रुळली आणि तेव्हापासून न्यू हॅम्पशायरमध्ये पहिल्या दोनांत न येता कुणालाही उमेदवारी मिळाली नव्हती. शिवाय बायडेन यांची ही तिसरी खेप. १९८८ च्या निवडणुकीसाठी उतरले तेव्हा दुसऱ्या नेत्याच्या भाषणातला भाग उचलल्याच्या आरोपामुळे मतदानाआधीच माघार घ्यावी लागली. २००८ ला आयोवात एक टक्काही मिळाला नाही.

पण अवघ्या तीन आठवड्यांनी, ३ मार्चला, हाच माणूस एका दिवसात १४ पैकी १० राज्यं जिंकून बसला.

मग पंडितांचं गणित चुकलं कुठं? आणि एखाद्या उमेदवाराला पक्षाची उमेदवारी मिळण्याची शक्यता किती, हे जोखताना नेमकं बघायचं काय?

आधी ही भानगड समजून घेऊ

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं हे हायकमांड ठरवतं. अमेरिकेतही एकेकाळी साधारण तेच चालायचं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नाही, तरी पक्षाच्या बड्या धेंडांनी शिकागोच्या अधिवेशनात त्यांना उमेदवारी देऊन टाकली. बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निदर्शनं करणाऱ्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या. हम्फ्री पुढं निक्सन यांच्याकडून हरले. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षानं नियम बदलले आणि उमेदवार ठरवायचा हक्क बराचसा सामान्य मतदाराच्या हातात आला.

आज प्रत्येक राज्य आपापल्या तारखेला मतदान घेतं. या मतांमधून थेट उमेदवार ठरत नाही, ठरतात ते डेलिगेट्स, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे असे ३,९७९ डेलिगेट्स होते आणि पहिल्या फेरीत जिंकायला १,९९१ लागणार होते. त्यामुळे कोणत्याही उमेदवाराबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की त्याला एवढे डेलिगेट्स येणार कुठून? किती राज्यं जिंकली हा प्रश्न त्यानंतरचा.

आयोवाकडे त्यातले डेलिगेट्स होते ४१. न्यू हॅम्पशायरकडे २४. दोन्ही मिळून ६५. एकूण आकड्याच्या दोन टक्केही नाहीत. तरी जगभरातले कॅमेरे तिथं, कारण ही राज्यं पहिली. पहिल्या निकालातून हवा तयार होते, हवेतून देणग्या येतात, देणग्यांतून जाहिराती. ही साखळी खोटी नाही. १९७६ मध्ये जिमी कार्टर हे देशात फारसं कुणाला माहीत नसलेलं नाव आयोवातूनच वर आलं आणि थेट व्हाईट हाऊसमध्ये पोचलं.

पण २०२० ला एक गोष्ट लोक विसरले. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन्ही राज्यांत जवळपास दहापैकी नऊ लोक गोरे आहेत. डेमोक्रॅटिक पक्षाचा मतदार तसा नाही. कृष्णवर्णीय मतदार हा या पक्षाचा कणा. बायडेन यांचा सगळा भरवसा त्याच मतदारावर होता आणि त्या मतदारानं अजून मतदानच केलं नव्हतं. परीक्षेचे दोन पेपर झाले होते, पण बायडेन यांचा हातखंडा विषय अजून बाकी होता.

१५ टक्क्यांची चाळणी

आता येतो या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी चर्चा होणारा नियम. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट्स मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण त्यासाठी किमान १५ टक्के मतं लागतात. त्याखाली असाल तर हाती भोपळा.

समजा एका राज्यात १०० डेलिगेट्स आहेत. पहिल्या उमेदवाराला ३० टक्के मतं मिळाली, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला १४, चौथ्याला १३, पाचव्याला १२ आणि उरलेली किरकोळ. १५ च्या वर फक्त दोघं. मग १०० डेलिगेट्स या दोघांतच वाटले जाणार. ३० टक्केवाल्याला मिळतील ५५ आणि २५ टक्केवाल्याला ४५. दुसरा उमेदवारही १५ च्या खाली घसरला, तर ३० टक्केवाला सगळेच्या सगळे १०० घेऊन जाईल. (प्रत्यक्षात हा हिशोब राज्यासाठी वेगळा आणि त्यातल्या मतदारसंघांसाठी वेगळा होतो, पण तत्त्व हेच.)

फेब्रुवारी २०२० मध्ये नेमकी हीच परिस्थिती होती. डाव्या विचारांच्या सँडर्स यांच्यामागं पक्का, न हलणारा मतदार होता. मध्यममार्गी मतदार संख्येनं जास्त होता, पण तो बायडेन, बुटिजेज, क्लोबशार आणि अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांच्यात वाटला गेला होता. मतविभागणी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या मतदाराला वेगळं सांगायची गरज नाही. हे सगळे शेवटपर्यंत मैदानात राहिले असते, तर सँडर्स तिशीतल्या टक्क्यांवरसुद्धा इतके डेलिगेट्स पुढं गेले असते की त्यांना नंतर गाठणं अवघड झालं असतं. प्रमाणात वाटप असलं की मागच्या माणसाची हीच पंचाईत होते. एखादं राज्य थोडक्यात जिंकून फरक भरून निघत नाही, कारण हरणाऱ्यालाही निम्म्याच्या आसपास डेलिगेट्स मिळतातच.

रिपब्लिकन पक्षाचं गणित वेगळं. तिथं बऱ्याच राज्यांत जिंकेल त्याला सगळं, असा कारभार आहे. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना साऊथ कॅरोलायनात साधारण साडेबत्तीस टक्के मतं मिळाली आणि डेलिगेट्स मिळाले ५० पैकी ५०. म्हणजे दोन तृतीयांश मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं, तरी विरोधकांच्या हाती शून्य. त्यामुळे अमुक उमेदवार ३५ टक्क्यांवर आहे असं कुणी सांगितलं, तर आधी विचारायचं: कोणत्या पक्षात आणि समोर किती जण?

साऊथ कॅरोलायना

२२ फेब्रुवारीला नेवाडात सँडर्स यांनी मोठा विजय मिळवला. बायडेन बऱ्याच अंतरानं दुसरे. सात दिवसांनी साऊथ कॅरोलायना. इथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असतात. २०१६ मध्ये याच राज्यात हिलरी क्लिंटन यांनी सँडर्स यांना ७३ विरुद्ध २६ टक्के असं लोळवलं होतं. सँडर्स यांचा हा कच्चा दुवा चार वर्षांपूर्वीच दिसला होता, फक्त दोन विजयांच्या गडबडीत तो कुणी मोजला नाही.

इथले सगळ्यात वजनदार नेते म्हणजे खासदार जिम क्लायबर्न. १९९३ पासून प्रतिनिधिगृहात. त्यांचा पाठिंबा कुणाला हे त्यांनी बरेच दिवस उघड केलं नव्हतं. पुढं त्यांनी स्वतःच सांगितलं, की एका ओळखीच्या माणसाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये गेले असताना पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी त्यांना जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, तुम्ही मत कुणाला देणार? त्यांनी कानात बायडेन यांचं नाव सांगितलं. बाईंचं म्हणणं पडलं की हे ऐकायचंच होतं आणि सगळ्या लोकांनाही ते ऐकायचंय.

२६ फेब्रुवारीला क्लायबर्न यांनी जाहीर पाठिंबा दिला. त्याच्या आदल्या रात्रीच्या डिबेटमध्ये बायडेन यांनी सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदाच कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश नेमण्याचा शब्द दिला होता. हा शब्द जाहीरपणे द्या, असा आग्रह क्लायबर्न यांचाच होता. (२०२२ मध्ये केतनजी ब्राऊन जॅक्सन यांच्या रूपानं तो पाळला गेला.)

२९ फेब्रुवारीचा निकाल: बायडेन ४८ टक्क्यांच्या वर, सँडर्स २० टक्क्यांच्या आत. एक्झिट पोलमध्ये जवळपास निम्म्या मतदारांनी सांगितलं, की क्लायबर्न यांच्या पाठिंब्याचा आपल्या निर्णयात महत्त्वाचा वाटा होता. नेत्यांच्या पाठिंब्याला आता कुणी विचारत नाही, असं २०१६ च्या ट्रम्प विजयानंतर सर्रास म्हटलं जायचं. बहुतेक पाठिंब्यांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण ज्याच्या शब्दावर मतदार खरोखर हलतो असा माणूस आणि पत्रक काढणारा माणूस, यात फरक आहे.

पुढचे ७२ तास

त्यानंतर जे झालं ते अमेरिकी राजकारणात क्वचितच बघायला मिळतं. १ मार्चला बुटिजेज यांनी माघार घेतली. हे तेच, जे आयोवात डेलिगेट्सच्या हिशोबात सँडर्स यांच्याही किंचित पुढं होते. २ मार्चला क्लोबशार थांबल्या. त्याच रात्री दोघांनीही टेक्सासमधल्या डॅलसमध्ये बायडेन यांना पाठिंबा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी सुपर ट्यूजडे होता. १४ राज्यांत एकाच दिवशी मतदान आणि एकूण डेलिगेट्सपैकी जवळपास एक तृतीयांश पणाला.

बायडेन यांनी टेक्सास जिंकलं, व्हर्जिनिया जिंकलं. मिनेसोटा आणि मॅसॅच्युसेट्सही जिंकलं, जिथं त्यांनी जवळपास प्रचारच केला नव्हता. मॅसॅच्युसेट्स तर वॉरन यांचं घरचं राज्य, त्या तिथं तिसऱ्या आल्या. सँडर्स यांच्याकडे कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा आणि त्यांचं स्वतःचं व्हर्माँट. ८ एप्रिलला सँडर्स यांनी प्रचार थांबवला.

इथं एक बारीक गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात टपाली आणि आगाऊ मतदान आधीपासून सुरू होतं. माघार घेतलेल्या उमेदवारांना पडलेली हजारो मतं तिथं वाया गेली. हे दोघं आणखी दोन दिवस उशिरा थांबले असते तर इतर राज्यांतही तेच झालं असतं. म्हणजे बायडेन यांची ताकद जितकी खरी, तितकंच वेळेचं नशीबही.

पैसा, पोल आणि ट्विटर

फेब्रुवारी महिन्यात सँडर्स यांनी ४.६५ कोटी डॉलर उभे केले. बायडेन यांनी १.८ कोटी. ब्लूमबर्ग यांचं तर विचारूच नका. स्वतःच्या खिशातले ५० कोटी डॉलरहून जास्त त्यांनी प्रचारात ओतले आणि सुपर ट्यूजडेला जिंकला तो अमेरिकन समोआ हा पॅसिफिकमधला छोटासा प्रदेश. दुसऱ्या दिवशी त्यांनीही गाशा गुंडाळून बायडेन यांना पाठिंबा दिला. २०१६ मध्ये जेब बुश यांच्यामागं १० कोटी डॉलरहून मोठा निधी होता, तरी तिसऱ्याच राज्यानंतर ते घरी गेले. पैसा नसेल तर उमेदवार टिकत नाही, पण पैशानं मतदार मिळतोच असं नाही.

देशपातळीवरच्या पोलचंही तसंच. २००७ मध्ये रुडी जुलियानी रिपब्लिकन पोलमध्ये बराच काळ आघाडीवर होते. सुरुवातीची राज्यं सोडून त्यांनी सगळा डाव फ्लोरिडावर लावला. फ्लोरिडाची पाळी येईपर्यंत हवा दुसऱ्यांच्या शिडात भरली होती. जुलियानी तिसरे आले आणि बाहेर पडले. वरवर बघता बायडेन यांनीही तेच केलं, एका राज्याच्या भरवशावर थांबले. फरक इतकाच की जुलियानी यांचं फ्लोरिडाशी घट्ट नातं नव्हतं, बायडेन यांचं साऊथ कॅरोलायनाशी होतं आणि ते ओबामांसोबतच्या आठ वर्षांत आणखी पक्कं झालं होतं.

आणि सोशल मीडिया? तिथं त्या काळात सँडर्सच सँडर्स होते. प्यू रिसर्च सेंटरनं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ट्विटरचा अभ्यास केला, तेव्हा ८० टक्के ट्विट्स फक्त १० टक्के लोक करतात असं दिसलं होतं. साऊथ कॅरोलायनातल्या चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसणाऱ्या बाई त्या १० टक्क्यांत असण्याची शक्यता फारच कमी.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बायडेन यांनी २०२४ साठी पक्षाचं वेळापत्रकच बदलून घेतलं. पहिला मान साऊथ कॅरोलायनाला. न्यू हॅम्पशायरनं ते मानलं नाही आणि आपली प्रायमरी ठरल्याप्रमाणे आधीच उरकली. बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. मतदारांनी ते हातानं लिहून त्यांना तिथं जिंकवलं, चार वर्षांपूर्वी याच राज्यानं त्यांना पाचव्या क्रमांकावर ठेवलं होतं.